कमरेचं माप, रेशनचं तेल

दुसरं महायुद्ध संपलं त्या सुमारास लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांना एका प्रश्नाने घेरलं होतं. हृदयविकाराच्या झटक्याने धडधाकट माणसं जायला लागली होती आणि ती कशाने जातात हे कोणालाच नीट सांगता येत नव्हतं. मॉरिस यांनी शोध घ्यायला निवडली ती लंडनची दुमजली बस. एकाच गाडीवर दोन माणसं, एक ड्रायव्हर आणि एक कंडक्टर. वस्ती, पाळ्या, खाणंपिणं साधारण सारखंच. फरक एवढाच की ड्रायव्हर जवळजवळ अख्खी पाळी बसून आणि कंडक्टर दिवसभर वरखाली. दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या. 1953 साली निष्कर्ष छापून आले. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, आणि झाला तरी त्यात लगेच दगावण्याचं प्रमाण ड्रायव्हरांच्या निम्म्याच्या आसपास होतं.

माझे बाबा मुंबईच्या बेस्ट बससेवेत कंडक्टर होते, वडाळा डेपोला. त्यांची बरीच वर्षं दुमजली गाडीवर गेली. लहानपणी सुटीत ते मला वरच्या मजल्यावर पुढच्या खिडकीत बसवून न्यायचे. जिना अरुंद आणि वळणाचा. गाडी वळत असली तरी एका हाताने दांडी धरून, खांद्याला चामड्याची बॅग, दुसऱ्या हातात तिकिटांची पेटी, खट खट पंच वाजवत बाबा वर यायचे, सगळी तिकिटं झाली की परत खाली. रात्री घरी आले की माझ्याकडून पोटऱ्या दाबून घ्यायचे. माझ्या हातांना त्या दबायच्याच नाहीत, इतक्या टणक.

त्यामुळे मॉरिस यांचा अभ्यास शिकताना मला तो परका वाटलाच नाही. त्यातला पुढचा भाग तर मला फारच आवडतो. निष्कर्षावर शंका आली होती आणि ती रास्त होती. जो मुळातच जाडा, तोच ड्रायव्हरची नोकरी धरत असेल तर? मग दोष बसून राहण्याचा कसा म्हणणार? याचा छडा लावायला मॉरिस आणि त्यांचे सहकारी गेले कुठे, तर कंपनीच्या गणवेशांच्या नोंदींकडे. प्रत्येकाला शिवून मिळणाऱ्या पँटचं कमरेचं माप तिथे लिहिलेलं होतं. 1956 साली त्यावरचा लेख आला. ड्रायव्हरांच्या कमरा खरोखरच मोठ्या होत्या, अगदी तरुण वयातसुद्धा. म्हणजे शंकेत तथ्य होतं. पण पुढे आणखी तपासलं तेव्हा दिसलं की कंबर बारीक असो, मध्यम असो की मोठी, हृदयविकाराने अचानक जाण्याचं प्रमाण कंडक्टरांतच कमी आहे. टपाल खात्यातही तेच चित्र होतं. पत्रं वाटत हिंडणारे पोस्टमन टेबलावरच्या कारकुनांपेक्षा बरे होते.

त्या कंडक्टरांपैकी एकही जण व्यायाम म्हणून जिना चढत नव्हता. वरच्या मजल्यावरची तिकिटं काढायची होती म्हणून चढत होता. तब्येत राखणारी गोष्ट नोकरीतच बसलेली होती, त्यासाठी वेगळा निश्चय करावा लागत नव्हता, पैसे मोजावे लागत नव्हते. बेस्टच्या जुन्या दुमजली गाड्या सप्टेंबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेल्या. आता कित्येक गाड्यांवर कंडक्टर चढतच नाही, थांब्यावर उभा राहून तिकीट देतो. याला कोणी आरोग्याचा निर्णय म्हटलं नाही, पण कामगाराच्या पायाखालचा जिना काढून घेणं हा आरोग्याचाच निर्णय असतो असं माझं ठाम मत आहे.

मी परळ, शिवडी, वडाळा या पट्ट्यात घरोघर जाऊन बीपी आणि शुगर तपासण्याचं काम करते. चाळीत शिरलं की पहिल्या खोलीपासून बातमी पुढे जाते, "बीपीवाल्या ताई आल्या." मशीन जमिनीवर ठेवायचं, माणसाला पाच मिनिटं गप्प बसवायचं, दंडाला पट्टा बांधायचा. बायका पट्टा फुगत असतानाच बोलायला लागतात, त्यांना थांबवणं हे माझं निम्मं काम. आकडा जास्त आला की उत्तर ठरलेलं. "माझंच दुर्लक्ष झालं हो ताई." "माझा जिभेवर ताबा नाही." "डॉक्टर म्हणालेच होते, काकू, तुम्ही स्वतःची काळजीच घेत नाही." हे ऐकलं की माझा जीव तुटतो. सकाळी साडेचारला पाण्याला उठणारी, दोन घरची धुणीभांडी करून आपल्या घरचा स्वयंपाक करणारी बाई स्वतःला आळशी म्हणते तेव्हा मला तिच्यासमोर बसून सांगावंसं वाटतं, आणि मी सांगतेही, की एवढ्या सगळ्या माणसांचं एकाच शहरात, एकाच पिढीत, एकाच वेळी दुर्लक्ष कसं होईल?

माणसं किती ते बघा. 2021 साली मुंबईत पालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने पाहणी केली. प्रौढांपैकी 34 टक्क्यांना उच्च रक्तदाब, सुमारे 18 टक्क्यांची उपाशीपोटीची साखर मधुमेहाच्या पातळीला. देशभरात मधुमेह असलेले 10 कोटींच्या वर, असं भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत निघालं. जगात 2021 साली हृदयविकार, पक्षाघात, कर्करोग, दमा, मधुमेह अशा असंसर्गजन्य आजारांनी किमान 4 कोटी 30 लाख माणसं गेली. त्यातली जवळपास तीन चतुर्थांश गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली. हे श्रीमंतांचे आजार आहेत असं अजून कोणी म्हणालं तर त्यांना माझ्याबरोबर एक दिवस शिवडीत फिरवून आणायची माझी तयारी आहे.

बाबांच्या हृदयाला काही झालं नाही. पन्नाशीत त्यांना शुगर निघाली. बाबा अंगाने किरकोळ, कमरेला पट्टा शेवटच्या भोकावर. घरात सगळ्यांना धक्का बसला. इतका चालणारा, इतका बारीक माणूस, त्याला कशी काय? याचं उत्तर मला लंडनच्या अभ्यासात मिळालं नाही, ते पुण्यात मिळालं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एक फोटो आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. 2004 साली तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. शेजारी इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन. दोघांचं उंचीच्या मानाने वजन तंतोतंत सारखं, बीएमआय 22.3. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. वरून बारीक, आतून चरबी. आपल्याकडे मधुमेह लवकर का लागतो आणि बारीक माणसालाही का लागतो, ते त्या एका फोटोत दिसतं. याज्ञिक तेवढ्यावर थांबले नाहीत, ते बाळंतिणींकडे गेले. 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनी गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं 3.5. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. बारीक अंगातली चरबी जन्मतःच बरोबर आलेली. पोटात असताना उपासमार सोसलेलं शरीर पुढे दोन वेळचं पोटभर खायला लागलं, शहरात आलं, बसकं झालं की साखर सांभाळायला कमी पडतं. जन्मतः हलक्या बाळांना पुढे हृदयविकार जास्त होतो, असं संशोधक डेव्हिड बार्कर यांनी इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायरच्या जुन्या जन्मनोंदींवरून म्हटलं होतं, त्याचा आपल्याकडचा हा दुवा.

बाबांचा जन्म चाळीसच्या दशकातला, रत्नागिरी जिल्ह्यातला. आजी त्या काळाबद्दल फार बोलायची नाही, पण पावसाळ्यात नाचणीची पेज तीसुद्धा एक वेळ, एवढं सांगायची. आणि ती मशेरी लावायची. तंबाखू तव्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, चुरायचा आणि बोटाने हिरड्यांना लावायचा. चुलीवर मशेरी भाजली की खोकला काढणारा तो वास अजून नाकात आहे. भूक मरते म्हणून बायका लावायच्या, हे मी आजही परळच्या चाळीत ऐकते. मुंबईतल्या 1,217 गरोदर बायकांचा अभ्यास डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली प्रसिद्ध केला. धूर न काढता तंबाखू घेणाऱ्या बायकांची बाळं सरासरी 105 ग्रॅमने हलकी, आणि दिवस भरण्याआधी जन्मण्याचं प्रमाण जास्त. आजीने बाबांच्या वेळी काय सोसलं ते मोजायला आज काहीच हाती नाही. पण बाबांच्या पन्नाशीतल्या साखरेचा हिशेब करताना मी त्यांच्या चहातल्या साखरेच्या आधी आजीच्या पेजेपासून सुरुवात करते. म्हणून गरोदर मुलीच्या ताटात डाळ, अंडं, हिरवी भाजी पडणं हा माझ्या लेखी पन्नास वर्षांनंतरच्या मधुमेहावरचा उपाय आहे.

आता लंडनचे साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ. माझ्या कामाकडे बघायची माझी नजर ज्या माणसाने बदलली ते हे. 1985 साली त्यांनी एक निबंध लिहिला. त्यात ते केनियातल्या भटक्या गुराख्यांचं बीपी आणि लंडनच्या सरकारी नोकरांचं बीपी शेजारी ठेवतात. दोन्हीकडे कोणाचं कमी, कोणाचं जास्त. पण लंडनचा सगळाच आलेख वर सरकलेला. लंडनमध्ये या साहेबांचं बीपी त्या साहेबांपेक्षा जास्त का, याला एक उत्तर असतं. अख्ख्या लंडनचं केनियापेक्षा जास्त का, याला निराळंच उत्तर असतं, आणि ते एकेका पेशंटला तपासून कधीच सापडत नाही. रोझ म्हणतात, समजा सगळेच रोज वीस सिगारेटी ओढत असते, तर कुठलाही अभ्यास करा, फुप्फुसाचा कर्करोग आनुवंशिक आहे असाच निष्कर्ष निघाला असता. कारण ज्यात फरकच नाही, ते कारण दिसत नाही.

हे वाचलं आणि मला चाळीतलं एक रोजचं वाक्य कळलं. "ताई, आमच्या घराण्यातच बीपी आहे." आजोबांना होतं, वडिलांना होतं, आता मला. शेजारच्या खोलीतही तेच वाक्य. अख्ख्या मजल्यावर तेच. सगळ्यांच्या ताटात तेवढंच मीठ, सगळ्यांच्या नाकात शिवडीच्या रस्त्यावरच्या ट्रकांची तीच धूळ, सगळ्यांची तेवढीच तुटकी झोप. फरक उरतो तो रक्ताचा, म्हणून बोट घराण्याकडे जातं.

रोझ यांची दुसरी गोष्ट पचायला जड आहे. झटका आलेल्यांची मोजदाद केली तर त्यात बीपी फार वाढलेल्यांपेक्षा थोडंसंच वाढलेल्यांची संख्या जास्त भरते, कारण थोडंसं वाढलेली माणसं मुळातच पुष्कळ असतात. म्हणजे बीपीचा वरचा आकडा 180 असलेल्यांनाच फक्त शोधून गोळ्या दिल्या, तरी बहुतेक झटके तसेच राहणार. सगळ्यांचंच थोडं थोडं खाली आणावं लागतं. एकेकट्याला त्यातून काय मिळालं ते जाणवतसुद्धा नाही, पण शहराच्या मरणाच्या नोंदीत ते दिसतं.

हे खरोखर घडवता येतं का? येतं, आणि याचं मला सर्वात जवळचं वाटणारं उदाहरण मॉरिशसचं आहे. तिथे गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुटी असते. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर करारावर गेलेल्या गिरमिटिया मजुरांत रत्नागिरी-साताऱ्याकडचीही माणसं होती. 1987 साली तिथे मोठी तपासणी झाली. भारतीय वंशाचे, आफ्रिकी-मिश्र वंशाचे, चिनी, सगळ्यांतच मधुमेह, बीपी, कोलेस्टेरॉल भरपूर. सरकारने बरंच काही हाती घेतलं, त्यातलं एक म्हणजे रेशनचं तेल. स्वस्तात मिळणारं ते तेल मुख्यतः पामतेल होतं, ते बदलून सोयाबीनचं केलं. बायकांनी तीच कढई ठेवली, तीच फोडणी घातली. 1992 साली पुन्हा तपासलं तेव्हा लोकांचं सरासरी कोलेस्टेरॉल सुमारे 15 टक्क्यांनी उतरलं होतं. पाच वर्षांत अख्ख्या देशाचं! बीपी आणि सिगारेटीही कमी झाल्या. मधुमेह मात्र कमी झाला नाही आणि वजनं वाढली, तेही सांगितलं पाहिजे. तेलाने जेवढं होतं तेवढंच तेलाने झालं.

2022 च्या दिवाळीत आपल्या राज्यात 'आनंदाचा शिधा' सुरू झाला. शंभर रुपयांत किलो रवा, किलो साखर, किलो चणाडाळ आणि लिटरभर पामतेल. ती पिशवी मिळाल्यावर ज्या घरांत मी जाते तिथल्या पोरांचे चेहरे कसे फुलले ते मी पाहिलंय, म्हणून त्या पिशवीविरुद्ध मी एक शब्द बोलणार नाही. सणाला घरात करंजी तळली गेलीच पाहिजे. माझं म्हणणं फक्त त्या लिटरभर तेलाबद्दल आहे. पामतेलातली जवळपास निम्मी चरबी संपृक्त, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणारी, सोयाबीनच्या तेलात ती साधारण 15 टक्के. पामतेल स्वस्त पडतं, हे मला ठाऊक आहे. पण पुढे पालिकेच्या रुग्णालयात त्याच कुटुंबातल्या कर्त्या माणसाची अँजिओप्लास्टी करताना जो खर्च येतो तोही जनतेच्याच तिजोरीतून जातो, आणि माणूस हाती लागेलच असं नाही. आपल्याकडे झटका लवकर येतो. 52 देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात पहिल्या झटक्याचं सरासरी वय दक्षिण आशियात 53 होतं, इतरत्र 59. ही सहा वर्षं म्हणजे मुलाचं कॉलेज, मुलीचं लग्न, खोलीचं कर्ज.

मिठाचंही असंच. ब्रिटनमध्ये 2003 नंतर कारखान्यांना पावातलं मीठ दरवर्षी थोडं थोडं कमी करायला लावलं. इतकं हळू की जिभेला पत्ता लागला नाही. 2001 च्या सुमाराला माणशी साडेनऊ ग्रॅम असलेलं मीठ 2011 पर्यंत आठच्या आसपास आलं. आपल्याकडे त्या 2021 च्या पाहणीत मुंबईकराचं रोजचं मीठ साडेआठ ग्रॅमच्या पुढे निघालं. हवं पाचाच्या आत. आमच्या शिवडी कोळीवाड्यात सुकट, बोंबील, जवळा. चाळीत पापड, लोणचं. आणि सगळीकडे पाव, फरसाण, वेफर्स. घरचं मीठ बाईच्या हातात आहे. फरसाणातलं नाही. तिथे तिला "ताबा ठेवा" म्हणून काय उपयोग?

एक गोष्ट तातडीची. हे सगळं वाचून कोणी आपली बीपीची गोळी बंद करू नका. "आता बरं वाटतंय" म्हणून गोळी सोडलेली माणसं मला दर आठवड्याला भेटतात आणि त्यातल्या काहींना पुढे पक्षाघात झालेला मी पाहिलाय. एका तोंड वाकड्या झालेल्या रिक्षावाल्या दादांनी मला रिकाम्या गोळ्यांची पट्टी दाखवली होती, चार महिन्यांपूर्वी संपलेली. पालिकेच्या दवाखान्यात आणि 'आपला दवाखाना' नावाच्या सरकारी केंद्रांत बीपीच्या गोळ्या फुकट मिळतात. केसपेपर जपून ठेवा आणि गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी जा.

आता वाचणाऱ्यांकडे एक मागणी. आम्ही शिवडीतल्या काही घरांत मिठाचा हिशेब सुरू करतोय, आणि मला वेगवेगळ्या वस्त्यांतली माहिती ताडून बघायची आहे. पद्धत सोपी आहे. मिठाची किलोची पिशवी फोडाल त्या दिवशी पेनाने तिच्यावरच तारीख लिहा. संपेल त्या दिवशी दिवस मोजा. हजाराला घरात जेवणाऱ्या माणसांनी भागा, मग दिवसांनी भागा. चार माणसांत पंचवीस दिवस पुरली तर माणशी रोज दहा ग्रॅम. लोणच्याला, पापडाला किंवा मासे खारवायला एकदम काढलेलं मीठ वेगळं लिहा. दोन वर्षांखालचं बाळ धरू नका, दुपारी डबा नेणारा माणूस पूर्ण धरा, दुपारी बाहेर खाणारा अर्धा. आठवड्यातून किती वेळा पाव, फरसाण किंवा बाहेरचं खाल्लं तेही सोबत लिहा, कारण ते मीठ या पिशवीत नसतं. नाव, पत्ता, फोन काही नको. याशिवाय फक्त भाग, घरातली माणसं, दिवस आणि घरात बीपीची गोळी कोणाला चालू आहे का, एवढं खाली लिहून पाठवा. गणपतीच्या दिवसांत चालू असलेल्या पिशवीचा हिशेब पाठवू नका. सणाच्या दिवसांत पाहुण्यांमुळे आकडा फसतो.